धुतलेल्या नळ्या

सातवी नळी तळाच्या गाळातून सुटली ती अशा हिसक्याने, की मी तराफ्यावर उताणा पडलो. आमचा नावाडी डोमा वलथरे दोर हातात धरून तसाच उभा होता. माझ्याकडे पाहून तो शांतपणे म्हणाला, "सोडलं बापा तलावानं एकदाचं. मले वाटलं, तुमालेच खालतं नेते का काय."

तराफा म्हणजे दोन डोंगे, तिकडच्या लाकडी होड्या, शेजारी शेजारी बांधून त्यांवर घातलेली बांबूंची ताटी. तिच्या मध्यभागी एक चौकोनी भोक ठेवले होते. लोखंडी गजाच्या टोकाला मीटरभर लांबीची नळी लावून ती त्या भोकातून तळात दाबायची, तिच्यात गाळाचा स्तंभ भरला की दोराने उपसायची, आणि पुढची नळी त्याच जागी आणखी एक मीटर खाली न्यायची, असे आमचे चार दिवस चालले होते. तळ्यात दर पावसाळ्यात माती वाहून येते आणि थरावर थर बसतो. भरपूर पावसाच्या वर्षांचा थर वेगळा, अवर्षणाचा वेगळा. ते थर वरून खाली क्रमाने वाचता आले, तर कोणीही लिहून न ठेवलेले हजारो वर्षांचे पाऊसपाणी वाचता येते. ही विद्या त्या काळी आपल्याकडे नवीन होती, आणि मी तिचा सव्वीस वर्षांचा, अतिशय उत्साही विद्यार्थी होतो.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचा चैत्र होता. तलाव भंडाऱ्याच्या पूर्वेला, देवझरीचा. मुळात तो निसर्गानेच केलेला डोह. पुढे केव्हा तरी कोणी पाळ घालून त्याला मोठे केले. सातव्या नळीबरोबर वर आलेला गज धनुष्यासारखा वाकला होता, आणि नळ्याही आम्ही सातच आणल्या होत्या. म्हणजे मिळाले ते मिळाले, पुन्हा उतरणे नाही. परंतु सात मीटर मिळाले होते. सहाव्या आणि सातव्या नळीत तळ्याचा आरंभ होता, आणि माझी शिष्यवृत्ती त्या आरंभासाठीच होती. जून महिन्यात समितीपुढे उभे राहून हा आरंभ किती जुना आहे हे सांगण्याची सिद्धता दाखवली, की पुढची दोन वर्षे पक्की. ती दाखवता आली नाही, तर नागपुरास परत जाऊन वडिलांच्या पाठशाळेत मुलांची शब्दरूपे तपासायची.

त्यात कमीपणा काही नव्हता. मी त्याच पाठशाळेत वाढलो. सोळाव्या वर्षापर्यंत माझा दिवस संथा आणि आवर्तने यांतच जात असे. भूशास्त्राकडे वळलो तेव्हा वडील म्हणाले, "वेद सोडून चिखल धरलास." मी उत्तर दिले, की चिखलही अपौरुषेयच आहे. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एकाएकी हसले आणि माझ्या पानात तूप वाढा, असे आईला म्हणाले.

नळी वर आली, की तिची दोन्ही तोंडे मेणाने बंद करून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची, ती दवाखान्यात जखमेवर लावतात तसली, आणि तिच्यावर शाईने लिहायचे: 'एक, वर', 'एक, खाली', आणि याप्रमाणे सातापर्यंत. हे मी तराफ्यावरच, डोमाला दौत धरायला लावून, मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते. सातही नळ्या चिखलाने माखलेल्याच आम्ही पाळीवर आणल्या. तिथे महादेवाचे देऊळ आणि त्याला लागून धर्मशाळेची एक खोली होती. माझा मुक्काम त्या खोलीत. माझ्या मार्गदर्शिका डॉक्टर इंदुमती घारपुरे दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने येऊन नळ्या घेऊन जाणार होत्या.

जानवे मी कॉलेजात असतानाच खुंटीला अडकवले होते. डोमाच्या घरचा भात मी रोज जेवत होतो आणि त्याचा मला गुप्त अभिमानही वाटत असे. मी स्वतःला नव्या युगाचा मनुष्य समजत होतो. परंतु ही वार्ता माझ्या हातांना कोणी कळवली नव्हती. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून आत न्यायची नाही, हे मला बोलता येण्याआधीपासून आईने शिकवले होते. त्यातून ही वस्तू मासोळीच्या तलावातली आणि खोली देवळाला लागून. डोमा डोंगे सोडायला गेला. मी घाटाच्या पायरीवर बसलो, धुण्याचा सोडा काढला, देवळात पडलेली नारळाची शेंडी घेतली, आणि एकेक नळी घासू लागलो. मन प्रसन्न होते. मी बहुधा काहीतरी पुटपुटतही होतो. चिकटपट्ट्या भिजून मळकट दिसत होत्या, काही सुटत होत्या, काही चिवटपणे राहिल्या होत्या. त्या मी नखाने काढल्या.

घासलेल्या नळ्या दोन दोन करून ओट्यावर नेऊन सावलीत मांडल्या. श्राद्धाच्या दिवशी घासून पालथी घातलेली भांडी दिसावीत तशा त्या दिसत होत्या. त्यांच्याकडे पाहून माझ्या चित्ताला मोठी शांती लाभली. ती साधारण पाव घटका टिकली.

मग मी त्यांतली पहिली कोणती, हे पाहायला वाकलो.

पुढच्या अर्ध्या तासाचे वर्णन करण्यासारखे काही नाही. टिपणवही उघडून पाहिली. तिच्यात प्रत्येक नळीची खोली आणि वेळ होती. एका नळीला दुसरीपासून वेगळे ओळखता येईल, असे त्यात एक अक्षर नव्हते. त्यासाठीच तर पट्ट्या होत्या. मी पायरीवर जाऊन पट्ट्या शोधल्या. चार सापडल्या, कोऱ्या आणि फिकट निळ्या. तलावात शाईची एक बारीक रेघ तरंगत पाळीकडे चालली होती.

मैनाबाई मारबते माझा डबा घेऊन आली ती याच वेळी. ही डोमाची थोरली बहीण. सासर-माहेर एकाच गावात, वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, आणि माझ्यावर तिचा एक प्रकारचा वत्सल अविश्वास होता. चिखल घ्यायला नागपुराहून माणूस येतो, ही गोष्ट तिने अजून पूर्णपणे मानली नव्हती. तिने भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण ओट्यावर ठेवले, माझे तोंड पाहिले आणि काय झाले म्हणून विचारले. मी सांगितले.

"धुतल्या?" ती म्हणाली. "चिखलाच्या नळ्या धुतल्या?"

ती हसू लागली. उभ्याने हसणे जमेना तेव्हा खाली बसून हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "बाहीरचा चिखल धुतला, तं आतला हायेच ना जी. तोंड उघडा एखादीचं."

तोंडे उघडली तर आतला गाळ वाळू लागतो, म्हणून प्रयोगशाळेपर्यंत ती बंद ठेवायची असा नियम. परंतु नियम पाळण्याची माझी योग्यता त्या सकाळी संपलेली होती. मी चाकूने मेण काढले. सात नळ्यांची चौदा तोंडे ओट्यावर उघडी झाली. मैनाबाई एकेका तोंडापाशी बसत गेली. आधी वास घेई, मग अंगठ्याने दाबून पाही, मग बोटाला लागलेली माती दोन बोटांत चोळी. एकदोनदा तिने ती जिभेलाही लावली.

मी विचारले, हे तुम्हाला कसे कळते? तेव्हा तिने सांगितले ते असे. ती नऊदहा वर्षांची असताना एका वर्षी हा तलाव पार आटला. ढीवरांनी, म्हणजे तिकडच्या मासेमारांनी, तलावाच्या पोटातच झिरा खणला. पाणी लागेपर्यंत अडीच परस खोल जावे लागले. परस म्हणजे हात वर केलेल्या पुरुषाची उंची. हिशेबाने पाच मीटरच्या आसपास. खड्डा अरुंद, मोठा माणूस आत वळू शकेना, म्हणून काटकुळ्या मैनेला दोर बांधून उतरवीत. तळाशी बसून ती वाटीवाटीने पाणी भरी आणि वर घागर ओढली जाई. सारा उन्हाळा असा गेला. उतरताना आणि चढताना भिंत तिच्या नाकासमोरून जात असे.

"दोन महिने तेच पायलं," ती म्हणाली. "दुसरं पायाले होतं काय ततं?"

मग तिने लावायला सुरुवात केली. "वरतं कारी माती," ती म्हणाली. तिकडे ळकाराचा रकार होतो. ती काळी माती म्हणत होती. कमळाच्या मुळ्या असलेली, कुजका वास मारणारी. ती नळी तिने पहिली ठेवली. तिच्याखाली राखेसारखी, बोटाला बुळबुळीत लागणारी. मग गोगलगायींच्या बारीक शंखांचा थर. मग तांबूस रेती. मग निळसर माती, जिभेला तुरट. प्रत्येक नळीचे कोणते तोंड वर आणि कोणते खाली, तेही तिने सांगितले. मी प्रथम केवळ पाहत होतो. पण शंखांच्या थराशी आलो तेव्हा माझ्याही डोळ्यांना दिसले: दुसरीच्या खालच्या तोंडाशी तो थर मध्येच कापला गेला होता, आणि तिसरीच्या वरच्या तोंडाशी तोच थर पुढे चालू होता. दोन्ही तोंडे जवळ धरली तर फुटक्या खापरीचे दोन तुकडे जुळावेत तशी जुळली. एका जागी तर एकाच शंखाचे दोन अर्धे दोन नळ्यांत होते. मला मैनाबाईंच्या पाया पडावेसे वाटले.

पाच नळ्या लागल्या. दोन राहिल्या. त्यांची चारही तोंडे सारखी, कठीण पिवळ्या मातीची. पाचवीच्या निळसर मातीशी त्यांतले एकही जुळत नव्हते, आणि परस्परांशी तर सगळीच जुळत होती. त्याच माझ्या सहाव्या आणि सातव्या. मैनाबाईने चारही तोंडांचा वास घेतला, बोटे पदराला पुसली आणि म्हणाली, "ह्या दोघीचं मले ठाऊक नाई."

मी म्हणालो, नीट पाहा. तिने पुन्हा पाहिले. नाई. मी सांगितले, की याच दोन नळ्यांवर माझे सर्व अवलंबून आहे. तिने मान हलवली, तिला वाईट वाटलेले दिसत होते. पण नाई ते नाईच.

"अंदाजाने सांगा," मी म्हणालो.

"मासोळीचं असतं तं अंदाज सांगतला असता. चुकला तं उद्या दुसरी भेटते. ततवर झिरा गेला नाई जी, मी बी गेली नाई."

"तुम्हाला नुसतं काय वाटतं, ते तरी."

"मले वाटते, तुमी जेवून घ्या."

मी जेवलो नाही. ती गेल्यावर दोन्ही नळ्या हातांत घेऊन तोलून पाहिल्या. एक किंचित जड वाटली. खोलवरची माती वरच्या भाराने दाबली जाते, म्हणून ती अधिक जड असणार. यास्तव जड ती सातवी. अनुमानाची सर्व अंगे यथास्थित होती. हेतू होता, दृष्टान्तही शोधला असता तर सापडला असता. वरचे तोंड कोणते आणि खालचे कोणते हे मी कसे ठरवले, ते मात्र विचारू नये. ताजे मेण लावले, नव्या पट्ट्या लावल्या आणि सातही नळ्यांवर पूर्वीपेक्षाही सुंदर अक्षरात लिहिले.

घारपुरे बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. ठेंगण्या, खादीचे लुगडे, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री. त्यांनी अर्धे आयुष्य दऱ्याखोऱ्यांत दगड फोडीत घालवले होते, आणि त्यांना माणसेही त्याच रीतीने तपासण्याची सवय होती. एकाने सांगितलेली गोष्ट त्या दुसऱ्याला विचारल्याखेरीज वहीत उतरवीत नसत. मग तो दुसरा कुलगुरू असो की गुराखी. आम्हा विद्यार्थ्यांना हे ठाऊक होते, आणि आम्ही शक्यतो एकटे असताना त्यांच्याशी बोलत असू.

त्यांनी ओट्यावरच्या नळ्यांभोवती एक प्रदक्षिणा घातली. चष्मा वर केला, खाली केला.

"देवपुजारी," त्या माझे आडनाव घेऊन म्हणाल्या, "वीस वर्षांत इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही."

मी नम्रपणे मान लववली. आपण नम्र दिसतो आहोत याची मला जाणीव होती.

त्यांनी क्रमाची नोंद कुठे केली असे विचारले. मी म्हणालो, तराफ्यावर, नळी वर आल्या आल्या. हे सत्यच होते. त्यांनी वही उघडली आणि सवयीप्रमाणे मागे वळल्या. डोमा आणि मैनाबाई नळ्या उचलून एस.टी.च्या थांब्यापर्यंत नेण्यासाठी येऊन उभी होती.

"काय हो, यांनी नंबर तिथंच टाकले होते ना? हेच नंबर?"

डोमाने आकाशाकडे पाहिले आणि वारा सुटणार असे काहीसे म्हणाला. बाई मैनाबाईकडे वळल्या.

"होय जी," मैनाबाई म्हणाली. "हेच. पंडितजीनं सारं बराबर केलं."

बोलताना ती पायाच्या अंगठ्याने ओट्याच्या फटीतली माती उकरीत होती. तिचा आवाज तोच होता, शब्दही स्पष्ट होते. फक्त ती माझ्याकडे पाहत नव्हती. काल मी इतकी विनवणी केली तरी ज्या बाईने दोन नळ्यांविषयी एक खोटा शब्द तोंडातून काढला नव्हता, तिने आज न मागता तो काढला होता, आणि तो माझ्या पदरात टाकून ती माती उकरीत उभी होती.

बाईंनी वहीत लिहायला सुरुवात केली.

"बाई," मी म्हणालो, "नळ्या मी धुतल्या."

"दिसतंच आहे."

"पट्ट्यांसकट धुतल्या. नंबर निघून गेले. हे मी काल नव्याने घातले."

लेखणी थांबली. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग नळ्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या अपूर्व दगडाकडे पाहावे तसे त्या पाहत होत्या.

"कशाने धुतल्यात?"

"धुण्याच्या सोड्याने. आणि नारळाच्या शेंडीने."

"चिंच का नाही लावलीत?"

डोमाला प्रश्न रास्त वाटला. "चिंच या पाळीवर नाई जी," तो म्हणाला. "गावात हाये."

मग मी सर्व सांगितले. झिरा, वास, शंखाचे दोन अर्धे, आणि शेवटी सहावी-सातवी. पहिल्या पाच मैनाबाईंनी लावल्या, उरलेल्या दोन मी लावल्या, असे म्हणालो. कशावरून, असे बाईंनी विचारले. वजनावरून, असे मी म्हटले. त्यांनी दोन्ही नळ्या उचलून तोलल्या, काल माझ्या उजव्या हातात होती ती डाव्या हातात देऊन मला पुन्हा तोलायला लावल्या, आणि आता कोणती जड वाटते असे विचारले. आता दुसरी जड वाटत होती.

पुढे त्यांनी केले ते त्यांनाच सुचावे. माझ्या साऱ्या पट्ट्या ओढून काढल्या. मेण काढायला लावले. मला देवळाच्या मागे पाठवले, मैनाबाईला पायऱ्यांवर उलट्या तोंडाने बसवले आणि डोमाला नळ्या सरमिसळ करायला सांगितले. डोमाने ते काम इतक्या निष्ठेने केले, की दोन नळ्या त्याने उगाच गोल फिरवल्या. मग मैनाबाईला बोलावण्यात आले. मी भिंतीआडून ऐकत होतो.

"आता ह्या बाईनं बी नंबर पुसले," ती म्हणाली.

या खेपेस तिला कालच्यापेक्षा कमी वेळ लागला. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. तोंडे वरची आणि खालची. बाईंनी भिंगाने प्रत्येक सांधा पाहिला. मला बोलावून विचारले, कालचा क्रम हाच का? हाच होता. राहिलेल्या दोन नळ्यांपाशी मैनाबाई खाली बसलीसुद्धा नाही.

"ह्या दोघीचं मी कालच सांगतलं जी यायले."

"काय सांगितलंत?"

"ठाऊक नाई म्हनून."

बाईंनी मला लेखणी दिली. "लिहा, देवपुजारी."

मी पाच नळ्यांवर लिहिले. सहाव्या वेळी हात थांबला. मी म्हणालो, की हे लिहिले तर समितीपुढे दाखवण्यासारखे माझ्याजवळ काही उरत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे.

"आणि तिथं मी तुमची बाजू घेणार नाही," त्या म्हणाल्या. "नळ्या मी धुतल्या नाहीत."

चार तोंडांवर चार पट्ट्या लावून मी प्रत्येकीवर लिहिले: 'क्रम अज्ञात. वरखाली अज्ञात.' अक्षर नेहमीसारखे आले नाही. एस.टी.च्या टपावर डोमाने नळ्या गवतात गुंडाळून बांधल्या. बस सुटताना मैनाबाईने बाईंना विचारले, की पंडितजीची नोकरी गेली का? बाई म्हणाल्या, अजून लागलेलीच नाही.

जूनमध्ये समिती बसली. सात सदस्य होते. मी अहवाल वाचला, धुण्याच्या सोड्यासकट. एका वयोवृद्ध सदस्यांनी सहानुभूतीने विचारले, की पाठशाळेत गुरूंची भांडी घासण्याचा परिपाठ होता काय? होता, असे मी सांगितले. सभागृह इतके हसले, की बाहेरच्या शिपायाने दार उघडून पाहिले. घारपुरे बाई हसल्या नाहीत; मान खाली घालून वहीत चित्र काढीत होत्या. दोन वर्षांच्या ऐवजी मला नऊ महिने मिळाले. तळ्याच्या आरंभाचा विषय माझ्याकडून काढून घेण्यात आला, तो मिळालेला गृहस्थ दुसऱ्या तलावावर गेला आणि पुढे मोठा झाला. मला पाच नळ्या राहिल्या.

त्या पाच नळ्यांवर मी प्रबंध केला. लहानसाच झाला. चार जागचे नमुने वय काढण्यासाठी प्रयोगशाळेत धाडले होते. निकाल यायला वर्ष लागले. चारही वये वरून खाली वाढत गेलेली होती, एकानेही क्रम मोडला नव्हता. तांबूस रेतीच्या जागी पावसाने कित्येक पिढ्या पाठ फिरवली होती, आणि तिच्यावरच्या शंखांच्या थरात तो परत आला होता. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, की निबंधात नळ्यांच्या क्रमाविषयी जे घडले तेच लिहायचे, तळटीपेत नव्हे, पहिल्या परिच्छेदात. मी लिहिले. त्यानंतर चाळीस वर्षे मी तळ्यांच्याच काठाने हिंडलो, खाऱ्या वाळवंटातल्या आणि बर्फाखालच्याही, आणि पुष्कळ निबंध छापले. परंतु पहिला तो हा.

त्याचा छापील अंक हाती आला तेव्हा माघ महिना होता. मी तो घेऊन देवझरीस गेलो. मैनाबाई अंगणात उकडलेले शिंगाडे सोलीत बसली होती, बोटे काळी झालेली. डोमा मासोळी घेऊन बाजाराला गेला होता. तिने मला ओळखले, पण आधी माझे हात पाहिले, आणि सोडा आणला आहे काय असे विचारले.

मी अंक उघडला. मजकूर इंग्रजी होता. बोट ठेवून एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. तिचे नाव छापले आहे ती जागा दाखवली. पहिल्या पाच नळ्यांचा क्रम श्रीमती मैनाबाई मारबते, राहणार देवझरी, यांनी दोन वेळा स्वतंत्रपणे लावला, असे तिथे होते. तिने नावावरून काळे बोट फिरवले, कागदाला डाग पडला, तो तिने पदराने पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी पसरवला. मी म्हणालो, राहू द्या.

"आन त्या दोघी?" तिने विचारले.

मी पुढचे वाक्य वाचले. उरलेल्या दोन नळ्यांचा क्रम व त्यांच्या वरच्या-खालच्या बाजू ठाऊक नाहीत.

"असं छापलं?"

"असंच छापलं आहे."

तिने मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. या वेळी माझ्या बोटाकडे न पाहता ती तोंडाकडे पाहत होती. मग तिने सोललेल्या शिंगाड्यांची ओंजळ माझ्यापुढे ठेवली.

"मंग बाकीचं खरं असन," ती म्हणाली, आणि पुढचा शिंगाडा उचलला.